तिसरीतली सतरा नंबरची जागा

दुसरीचा निकाल लागला त्या दिवशी टाचणीच्या एका हातात प्रगतिपुस्तक होते आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा खोका. प्रगतिपुस्तक सगळ्यांनी पाहिले. खोक्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

खोका बुटांचा होता. झाकणाला दाभणाने पाडलेली भोके, आत वहीच्या कागदाचा एक चतकोर आणि त्या चतकोरावर खसखशीएवढी, करड्या रंगाची, चिकटून बसलेली अंडी. त्या शाळेत तिसरीचा वर्ग दर वर्षी रेशमाचे किडे पाळत असे. वर्ष संपताना तिसरीतली मुले पतंगांनी घातलेली अंडी दुसरीतल्या मुलांच्या हवाली करत, आणि ती मुले सुट्टीभर आपापला खोका थंड, अंधाऱ्या जागी जपून ठेवत. येणारे वर्ष असे आधीच घरी येऊन एखाद्या कोनाड्यात श्वास रोखून बसे. झाकणावर नाव लिहायचे नाही, तिसरीच्या हजेरीत मिळणारा क्रमांक लिहायचा, अशी रीत होती. टाचणीने सतरा लिहिले होते आणि ते तीन वेळा गिरवले होते.

टाचणी हे अर्थातच तिचे खरे नाव नव्हे. बारीक, ताठ आणि जिथे तिथे टोचणारी, म्हणून घरात ते नाव पडले आणि शाळेपर्यंत पोचले.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत टेबलावर बशीने झाकलेला पाण्याचा पेला होता, पितळी घंटा होती आणि भिंतीवर शाळेच्या तळमजल्याचा आणि वरच्या तिन्ही मजल्यांचा नकाशा. टाचणीचे आईबाबा दोन खुर्च्यांच्या कडेवर बसले होते. टाचणी बाहेर व्हरांड्यात, बालवर्गातून आणलेल्या ठेंगण्या खुर्चीवर, मांडीवर खोका घेऊन बसली होती.

"मुलगी हुशार आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "वर्गात रमत नाही असं नाही. पण बाकीची मुलं प्रश्न वाचतात तोवर हिच्या उत्तराची शाई वाळलेली असते. हिला आणखी एक वर्ष इथंच घोळवणं म्हणजे तिच्यावर अन्याय. आपण तिला थेट चौथीत बसवू."

"आणि तिसरी?" बाबांनी विचारले.

"तिसरी वगळायची."

बाबा अठरा वर्षे लिफ्ट दुरुस्त करत होते. मजला वगळणारी लिफ्ट त्यांच्या लेखी आजारी लिफ्ट होती. पण हे बोलून दाखवायला ती जागा नव्हती, शिवाय लेकीचे कौतुक ऐकताना त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. तिने सवयीप्रमाणे विचारले, "म्हणजे असं बरं दिसतंय, की असं?"

"असं," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी घंटा वाजवली.

घंटेसरशी लिपिक आत आला. त्याच्या काखेत नियमांची जाडजूड वही होती. खुणेची दोरी धरून त्याने एक पान उघडले आणि, दवाखान्यात औषधाची वेळ सांगावी इतक्या कोरड्या आवाजात, वाचले: "वर्ष वगळता येते. वगळलेले वर्ष रिकामे ठेवता येत नाही."

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे सतरा नंबरची जागा," लिपिक म्हणाला. "तिसरीत एकतीस जागा आहेत. एकतीस वर्षं तिथं आता सुरू होणार. त्यातलं एक कुणी जगलंच नाही, तर त्याचं करायचं काय?"

"तशीच राहू दे की जागा."

लिपिकाने मुख्याध्यापिकांकडे पाहिले. मुख्याध्यापिकांनी पाण्याच्या पेल्यावरची बशी उगीच नीट केली. "एकदा ठेवली होती तशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुसरीतली. भलतीच कल्पना. परीक्षेपर्यंत बाकाला बुरशी आली. शेजारच्या मुलाला त्या बाजूने थंड वारं लागायचं. तो पोरगा अजून मान एकीकडे धरून चालतो."

"मग काय करायचं?"

"जवळच्या नात्यातलं कुणीतरी बसवा. वयाची अट नाही," लिपिक म्हणाला. त्याने बाबांना वरून खाली न्याहाळले आणि वहीत पुन्हा डोकावून भर घातली, "उंचीचीही नाही."

आईचे दुकान सकाळी उघडे असे. बाबांचे काम मात्र दुपारी सुरू होई, कारण सकाळच्या गर्दीत लिफ्ट बंद ठेवलेली कुठल्याच इमारतीला चालत नसे. तेव्हा कुणी बसायचे हा प्रश्न उरलाच नाही. टाचणीला विचारायचे राहून गेले. विचारले असते तर तिने वर जाण्याला आणि थांबण्याला, दोन्ही गोष्टींना हो म्हटले असते, आणि दोन्ही वेळा खरेच म्हटले असते.

घरी जाताना तिने खोका बाबांच्या हातात दिला.

"तुझा नंबर आहे आता हा," ती म्हणाली. "हलवू नकोस जास्त."

*

शाळा सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या वर्गात, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर, बाबा आपले सव्वादोन हात लांबीचे पाय कुठे ठेवावेत याचा विचार करत बसले. गुडघे बाकाखाली शिरत नव्हते. जोर करून शिरवले, तर बाहेर निघत नव्हते. पहिल्या दिवशी प्रार्थनेला उभे राहताना ते बाकासकट उठले, आणि शेजारी बसलेली मुलगीही त्यांच्याबरोबर वीतभर वर गेली.

ही शेजारीण म्हणजे टाचणीची पहिलीपासूनची मैत्रीण. तिला सगळे खोडरबर म्हणत, कारण ती प्रत्येक उत्तर एकदा लिही, खोडी आणि पुन्हा तेच लिही.

"काका, तुम्ही टाचणीचे बाबा ना?"

"हो."

"मग वर्गात तुम्हाला काय म्हणायचं?"

"सतरा म्हण."

"सतरा," खोडरबर म्हणाली, "रेघेच्या पलीकडे कोपर आणायचं नाही." तिने बाकावरची जुनी, कर्कटकाने कोरलेली रेघ दाखवली. तिच्या डाव्या बाजूला टाचणीच्या कोपराने दोन वर्षे घासून गुळगुळीत केलेला एक लहान खळगा होता. सुट्टीत बाक मुलांबरोबरच वरच्या वर्गात चढवले जात. बाबांनी कोपर त्या खळग्यात ठेवून पाहिले. मावले नाही.

तिसरीच्या बाई तरुण आणि काटेकोर होत्या. त्यांच्या लेखी एकतीस मुले होती आणि त्यातल्या एकाला मिशा होत्या, एवढेच. बाबांचे अक्षर वाईट होते. त्यांना रोज पाच ओळी शुद्धलेखन जास्त मिळे.

खरी अडचण कामाची होती. लिफ्टमध्ये माणसे अडकायला दुपारची वाट पाहत नाहीत. एका सकाळी भूगोलाच्या तासाला बाबांच्या खिशातला फोन थरथरला. त्यांनी हात वर केला.

"बाई, जाऊ?"

"आत्ताच सुट्टी झाली. तेव्हा का नाही गेलात?"

"तसं नाही बाई. नऊ मजली इमारतीत चार माणसं अडकलीत. दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये."

"घरून चिठ्ठी आणलीय?"

चिठ्ठी नव्हती. बाबा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर, चौथीच्या वर्गाच्या दाराशी गेले. टाचणी बाहेर आली, तिने भिंतीला कागद टेकवून लिहिले, 'माझ्या बाबांना आज लवकर सोडावे ही विनंती', आणि खाली पालक या शब्दापुढे सही केली. ती चिठ्ठी चालली. पुढे बाबा तिसरीत असेपर्यंत तीच रीत पडली.

अडकलेल्या माणसांशी बाबा बोलत राहत. ही त्यांची कामाची पद्धत होती. त्रिकोणी किल्लीने मजल्यावरचे दार उघडून ते आधी अंधाराला हाक मारत, मग इमारतीच्या माथ्यावरच्या यंत्रांच्या खोलीत जाऊन, ब्रेक सैल करून, मोठे चाक हातांनी फिरवत. मदतनीस खाली दाराशी उभा राहून डबा कुठवर आला ते सांगे. डबा तसूतसूने सरके आणि सगळा वेळ बाबांचा आवाज त्या उभ्या बोगद्यातून खाली झरत राही. काहीही बोलत. लटकलेल्या माणसाला मजल्याहून आधी आवाज लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. पूर्वी ते हवापाण्यावर बोलत. आता तिसरीच्या भूगोलावर बोलू लागले. त्या दिवशी चार माणसे बाहेर आली ती नद्यांची नावे पाठ करून.

*

संध्याकाळी घरी एकच प्रश्न असे.

"आज काय झालं?" टाचणी विचारी.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबा दप्तर उघडून बसत आणि दिवस काढून दाखवत. बाई काय म्हणाल्या, कुणाचा दात पडला, पडलेला दात कुणी गिळला, खोडरबरने एकच गणित किती वेळा खोडले. टाचणी डोळे मिटून ऐके. काही वाक्ये ती पुन्हा म्हणायला लावी. कवितेसारखे पाठ करत होती ती.

"अगं, चौथीचा अभ्यास नाही का तुला?" आई विचारी.

"तो झाला."

तो खरोखरच झालेला असे. चौथीतले भागाकार तिने पहिल्या महिन्यात चावून टाकले होते. तिला अडत होते ते भलतीकडेच. चौथीचे प्रत्येक पुस्तक 'तुम्हाला आठवत असेल' या शब्दांनी सुरू होई, आणि तिला आठवत नसे. बाई म्हणत, "मागच्या वर्षी केलं ना आपण?" आणि तीस मुले एका सुरात हो म्हणत. मधल्या सुट्टीत कुणीतरी "खिडकी!" एवढेच म्हणे आणि सगळा वर्ग पोट धरून हसे. त्या खिडकीत मागच्या वर्षी काय घडले होते ते तिला कुणी सांगेना. सांगायला सुरुवात करत, पण हसूच इतके येई की वाक्य मध्येच बुडे.

हळूहळू तिचा ताळमेळ सुटू लागला. जिना उतरताना ती नसलेल्या पायरीवर पाय टाकी. वय विचारले तर म्हणे, "आठ. म्हणजे, बहुतेक." दिनदर्शिकेसमोर उभी राहून ती एखाद्या तारखेवर बोट ठेवी, आणि ते बोट तिथून उचलायला विसरे. आईने दुकानात नेऊन तिचे डोळे तपासले. अक्षरांच्या तक्त्यावरची वरची ओळ तिने वाचली, खालच्या सगळ्या ओळीही वाचल्या. मधली एक ओळ तेवढी सुटली. आईने काचा बदलून पाहिल्या. असं बरं दिसतंय की असं? कुठल्याही काचेतून ती ओळ काही तिला दिसेना.

दरम्यान शाळेमागच्या तुतीला पालवी फुटली आणि खोक्यातली खसखस चालू लागली.

काळ्या दोऱ्याच्या तुकड्यांएवढे किडे. मग काडीएवढे. मग करंगळीएवढे, दुधी, सायीसारखे थंड. ते दिवसरात्र खात आणि वर्गात एकतीस खोक्यांतून बारीक सर पडत असल्यासारखा आवाज येई. चार वेळा ते खाणे थांबवून डोके वर करून निजत, आणि उठताना जुनी कातडी मागे टाकून येत.

"बाई," खोडरबरने विचारले, "एखादा किडा फार हुशार असेल तर तो तीनदाच झोपला तर चालेल?"

"हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही," बाई म्हणाल्या. पण फळा पुसताना त्या बराच वेळ एकाच जागी पुसत राहिल्या.

बाबा रोज संध्याकाळी हे सारे घरी आणत. खोका मात्र आणायची परवानगी नव्हती. किड्यांना घर बदललेले सोसत नाही. "कसा लागतो हाताला?" टाचणी विचारी. बाबा हात पुढे करून तळव्यावर बोट फिरवत. "असा." ती आपल्या तळव्यावर बोट फिरवून पाही. मग दुसऱ्या तळव्यावर.

घोटाळा झाला तो निबंधाच्या तासाला. चौथीच्या बाईंनी विषय दिला, 'मागच्या वर्षीची एक आठवण', आणि एकेकाला उभे करून वाचायला सांगितले. टाचणीने तयारी केलीच होती. तिने खणखणीत आवाजात वाचले: "तिसरीत असताना आमच्या खोक्यात किडे होते. ते पाने खायचे तेव्हा सर पडल्यासारखा आवाज यायचा. मी आणि खोडरबर ऐकत बसायचो. माझे गुडघे बाकात अडकायचे. एकदा मी उभी राहिले तर बाक माझ्याबरोबर वर आला."

 मागून कुणीतरी म्हणाले, "तुझे गुडघे? तुझे पाय तरी पोचतात का खाली?" आणि मग सगळे हसले. खिडकीवर हसत त्याहून जास्त हसले.

टाचणी त्या दिवशी घरी आली आणि पहिल्यांदाच तिने काही विचारले नाही. बाबांनी दप्तर उघडले, एक कातडी आणली होती ती टेबलावर ठेवली, पोकळ, हलकी, एका फुंकरीने उडेल अशी. टाचणी तिच्याकडे पाहत राहिली.

"बाबा, हे सगळं तुझ्या मापाचं आहे," ती म्हणाली. "मला ढगळ होतंय."

*

सहामाही परीक्षेत बाबा तिसरीत पहिले आले.

चार दिवसांनी शाळेतून पत्र आले: पालकांनी भेटावे. पालक म्हणून आई गेली आणि पालक म्हणून सही करणारी टाचणीही गेली. बाबा बाहेर व्हरांड्यात ठेंगण्या खुर्चीवर बसले. त्यांच्या मांडीवर खोका होता. त्यात आता किडे नव्हते. सोनेरी, टणक, शेंगेएवढे नऊ कोश होते.

"हुशार आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "वर्गात रमत नाही असं नाही. पण बाकीची मुलं प्रश्न वाचतात तोवर ह्याच्या उत्तराची शाई वाळलेली असते. ह्याला तिसरीत घोळवत ठेवणं म्हणजे अन्याय. आपण त्याला थेट चौथीत बसवू."

आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बेचाळीस वर्षांचे आहेत ते."

"वयाची अट नाही," दारातून लिपिक म्हणाला.

"आणि मग सतरा नंबर?"

"तुम्ही बसा."

"मी तिसरीत बसू? आणि दुकान? आणि उद्या मीही पहिली आले म्हणजे? माझी बहीण आणाल? मग तिचा नवरा? सगळं खानदान एकेक करून चौथीत चढवाल, आणि तिसरीत कोण, आमची मांजर?"

लिपिकाने वही चाळली. "मांजराबद्दल स्पष्ट उल्लेख नाही," तो विचार करत म्हणाला.

"त्याला विचारलंत?" टाचणी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती टेबलाच्या कडेला उभी होती आणि तिची हनुवटी जेमतेम घंटेच्या उंचीला येत होती.

"कुणाला?"

"बाबाला. त्याला वर जायचंय का, विचारलंत?"

असे कुणी कधी विचारले नव्हते. मुख्याध्यापिकांनी नाइलाजाने हाक मारली. बाबा वाकून आत आले. प्रश्न ऐकल्यावर त्यांनी आधी खोक्यात पाहिले.

"मला कोश फुटेपर्यंत थांबायचंय," ते म्हणाले. "आठ-दहा दिवस राहिलेत. मी वर गेलो तर ते बघणार कोण?"

"हे काही कारण नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"माझंही तेच होतं," टाचणी म्हणाली. आवाज लहान होता, पण तो कुणाला ऐकू आला नाही असे झाले नाही. "मला पण थांबायचं होतं. मला खाली यायचंय."

 लिपिकाने वही पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली.

"वर चढवण्याचा फॉर्म आहे," तो म्हणाला. "उतरवण्याचा नाही. आजवर कुणी मागितला नाही. मुलाला उतरवणं म्हणजे, मॅडम, त्याला शब्दच नाही आपल्याकडे."

आई काही बोलणार तेवढ्यात बाबांनी हात वर केला. सहा महिन्यांची सवय होती.

"बोला, सतरा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"बाई, वीज गेली आणि परत आली, की कधी कधी लिफ्टला आपण कुठल्या मजल्यावर आहोत ते कळेनासं होतं. दारं नीट असतात, मोटर नीट असते. फक्त मोजणी हरवलेली असते. तेव्हा ती अंदाज करत नाही. तिला तसं शिकवलेलंच नसतं. ती कुणाचंही बटण ऐकत नाही. सावकाश सगळ्यात खाली जाते, तळाला टेकते, आणि तिथून एकेक मजला मोजत वर येते." त्यांनी टाचणीकडे पाहिले. "खाली जाणं म्हणजे ती लिफ्ट नापास झाली असं नसतं, बाई. ती तिची रीतच आहे. हिला तळाला टेकू द्या."

मुख्याध्यापिकांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिले. तळमजल्यावर बालवर्ग होता.

"बालवर्गात नव्याने प्रवेश," लिपिक पुटपुटला. "हा फॉर्म आहे. आणि तिथून वर चढवण्याचे फॉर्म तर गठ्ठ्याने आहेत. एक दिवस बालवर्ग, मग पहिली, मग दुसरी..."

"आणि वगळलेली वर्षं?" मुख्याध्यापिकांनी हरकत घेतली. "बालवर्ग, पहिली, दुसरी. ती कोण भरणार?"

लिपिकाने जुनी हजेरीपत्रके काढून आणली. धुळीने तो दोनदा शिंकला. मग त्याचा चेहरा उजळला. शाळेच्या नोकरीत एवढा उजळण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आला असेल. "भरलेली आहेत, मॅडम. हिनेच भरलीत. एकही खाडा नाही."

"चौथीतली जागा?"

"सहामाहीनंतर रिकामी झालेली जागा अर्धं वर्ष धरतात. अर्ध्या वर्षाला बुरशी येत नाही. फार तर थोडा ओलसर वास."

मुख्याध्यापिकांनी सही केली. मग टाक खाली ठेवून बाबांना म्हणाल्या, "एका जागेवर दोघं बसू शकत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंय ना? ती गुरुवारी तिसरीत पोचेल. तुम्हाला बुधवारी उठावं लागेल."

बाबांनी कोशांकडे पाहिले. नऊ. त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा मोजले.

"हो, बाई," ते म्हणाले.

*

सोमवारी टाचणी बालवर्गात मांडी घालून बसली, रंगीत मणी ओवले आणि दुपारी गोधडीवर झोपून खरोखर घोरली. मंगळवारी पहिलीत तिने पाटीवर आडव्या-उभ्या रेघा काढल्या. बुधवारी दुसरीत दोनापासून दहापर्यंतचे पाढे म्हटले. सगळ्या वर्गाच्या पुढे जाण्याची घाई केली नाही, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हटले. प्रत्येक दुपारी सुटताना ती जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरे आणि त्या बरोबर येत.

बुधवारीच दुसऱ्या मजल्यावर बाबांनी आपले दप्तर आवरले. शुद्धलेखनाची वही, टोक काढून काढून बोटाएवढी उरलेली पेन्सिल, खोडरबरकडून उसनी घेतलेली आणि परत द्यायची राहिलेली पट्टी. बाकाखालून गुडघे सोडवताना त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"सतरा," खोडरबर म्हणाली, "तुम्ही चाललात?"

"हो. उद्या तुझी मैत्रीण येईल."

खोडरबरने थोडा विचार केला. "ती आली की बरं होईल," ती म्हणाली. मग तिने तेच वाक्य मनात खोडले असावे, कारण थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "ती आली की बरं होईल. पण तुम्ही रेघेपलीकडे कधी कोपर आणलं नाहीत."

तिसरीच्या बाईंनी त्यांच्या वहीवर शेवटचा शेरा मारला: अक्षर सुधारत होते.

गुरुवारी सकाळी बाबांना जायला जागा नव्हती. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिले. आई दुकानात जाताना म्हणाली, "अहो, चहा तरी घ्या," तर त्यांनी हात वर केला, आणि आपण घरात आहोत हे ध्यानात आल्यावर तो तसाच डोक्यावरून फिरवून खाली घेतला.

शुक्रवार गेला. शनिवार, रविवार. पुढच्या बुधवारी टाचणी दारातून पळत न येता चालत आली. काहीतरी काठोकाठ भरलेले आणावे तशी. दप्तर काढले, हात धुतले, टेबलाशी समोर बसली.

बाबांनी पेन्सिल कानामागे खोवली. "आज काय झालं?"

"आज फुटले," टाचणी म्हणाली. "आधी कोश एका टोकाला ओला झाला. मग हलायला लागला. मग आतून डोकं आलं, ओलं, चुरगळलेलं. पंख होते, पण त्यांना उडता येत नाही, बाई म्हणाल्या. ते नुसते फडफडतात आणि गोल गोल चालतात. खोडरबर रडली आणि मग म्हणाली रडले नाही. मी हात पुढे केला, तर एक माझ्या बोटावर चढला."

"कसा लागला?"

टाचणीने हात पुढे केला, बोट फिरवण्यासाठी. मग मागे घेतला.

"नाही सांगता येत," ती म्हणाली.

 खिडकीतून शेवटचे ऊन टेबलाच्या कडेवरून ओघळत होते.

"पण एक सांगते. मी बघायला पुढे सरकले ना, तर बाकाच्या कडेवर बसले होते. आणि माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. सगळा वेळ. नुसते लोंबकळत होते, असे."

तिने खुर्चीवरून पाय हलवून दाखवले. बाबांनी वाकून, टेबलाखाली डोके घालून, ते नीट पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ मजली इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आत तीन माणसे होती. आता बाबांना कुणाच्या चिठ्ठीची गरज नव्हती. ते पोचले, त्रिकोणी किल्लीने दार उघडून अंधाराला हाक मारली, वरच्या खोलीत जाऊन ब्रेक सैल केला आणि चाक हाती घेतले.

"घाबरू नका," ते बोगद्यात तोंड घालून म्हणाले. "सावकाश येताय. तोवर ऐका. काल आमच्या वर्गात कोश फुटले. आधी एका टोकाला ओले झाले. मग आतून डोकं आलं. मी बघायला पुढे सरकलो, अगदी बाकाच्या कडेवर. आणि काय सांगू तुम्हाला, माझे पाय जमिनीला टेकत नव्हते."

चाक एक वेढा फिरले. डबा तसूभर सरकला.

 खालून कुणीतरी, बहुधा वयस्क आणि अंगावर कोट असलेला माणूस, घसा खाकरून म्हणाला, "आमचेही नाही टेकत. पुढे काय झालं?"